मराठी बोलण्याचं परमिट

सहा आठवडे आमच्या घरात मराठी बोलायला परमिट लागत असे. परमिट मी देत असे.

हे असं एकदम सांगितलं की लोकांना वाटतं, सिंगापूर सरकारचाच काहीतरी नवा कायदा असणार. (च्युइंगमवर बंदी घालणाऱ्या देशात काहीही होऊ शकतं, असं आमच्या पुण्याच्या नातेवाइकांचं ठाम मत आहे.) पण सरकार बिचारं यात कुठेच नव्हतं. नियम माझा, फॉर्म माझा, सही माझी आणि शेवटी जी काय शोभा झाली, तीही माझीच.

मी जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टीचं काम करतो. सकाळी सव्वासहाला आम्ही राहतो त्या बिशानहून कंपनीची बस, गेटवर पास, आणि आत गेलं की परमिटशिवाय कोणी साधा नटसुद्धा फिरवायचा नाही. वेल्डिंगला परमिट, उंचावर चढायला परमिट, टाकीत उतरायला परमिट. काम कोणतं, कोण करणार, किती वेळ, कारण काय, सगळं लिहून सह्या करायच्या. या परमिटच्या मागच्या बाजूला धोक्याच्या सूचना छापलेल्या असतात आणि त्या कोणीही वाचत नाही. म्हणून गेली चौदा वर्षं मी प्रत्येक माणसाला एकच वाक्य ऐकवत आलो आहे, "टर्न ओव्हर, प्लीज." पान उलटून मागची बाजू वाचल्याशिवाय मी कोणाला सही करू देत नाही. प्लांटवर मला मंदार म्हणून कोणी ओळखत नाही, मागून सगळे मला 'टर्न ओव्हर' म्हणतात. मला याचा फार अभिमान होता. (भूतकाळ मुद्दाम वापरला आहे.)

तर आमची मुलगी इरा, तेव्हा सहा वर्षांची. ही सकाळी डोळे उघडायच्या आधी तोंड उघडायची. मराठीत सुरुवात, मध्ये इंग्रजी, शेवटी एखादं सिंगापुरी 'ला' लावून वाक्य संपवायचं, असा तिचा कारभार. मी संध्याकाळी दार उघडलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "बाबा, आज काही फुटलं का?" मी "नाही" म्हटलं की ती थोडी हिरमुसायची आणि मग तिच्या दिवसभरच्या बातम्या सुरू व्हायच्या.

त्या वर्षी माझ्या साहेबांनी जेवताना सहज सांगितलं, की दोनेक वर्षांत मला मॉन्ट्रियलला पाठवायचा विचार आहे. साहेब ते बोलून आपल्या नूडल्सकडे वळले आणि मी मात्र त्या क्षणापासून कामाला लागलो. मॉन्ट्रियल म्हणजे फ्रेंच. इथल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत पहिलीचा असा वर्ग होता, जिथे गणितापासून गाण्यापर्यंत सगळं फ्रेंचमध्येच शिकवतात. म्हणजे मुलाला एकदम पाण्यात सोडायचं. तिथे इराला प्रवेश मिळाला आणि माझी झोप उडाली. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होणार, आणि आमच्या अख्ख्या खानदानात फ्रेंचचं एक अक्षर येणारं कोणी नाही! माझी बायको मुग्धा म्हणाली की मुलं शिकतात आपोआप. 'आपोआप' हा शब्द सेफ्टीवाल्यासमोर उच्चारू नये. आमच्याकडे आपोआप फक्त आग लागते.

पाठोपाठ शाळेचं पत्र आलं. 'पहिलीसाठी कुटुंबाची पूर्वतयारी' असा विषय. दोन प्रती होत्या, एक सही करून परत द्यायची, एक आपल्याकडे ठेवायची. त्यात लिहिलं होतं की पहिल्या दिवसापासून बाई फक्त फ्रेंच बोलतील. सुरुवातीला मूल गप्प राहण्याची शक्यता आहे. घरात कोणती भाषा बोलायची, याचा कुटुंबाने ठाम निर्णय घ्यावा आणि तो सर्वांनी पाळावा. खाली सही. मी सही केली, एक प्रत परत पाठवली आणि दुसरी फ्रिजच्या दारावर चार मॅग्नेट लावून घट्ट बसवली. 'ठाम निर्णय' हे दोन शब्द मी लाल पेनाने अधोरेखित केले.

ठाम निर्णय असा झाला, की घरात फ्रेंच बोलायचं. अडलंच तर इंग्रजी. मराठी बोलायचं असेल तर आधी परमिट घ्यायचं. विषय, कारण, कालावधी, बोलणाऱ्या व्यक्ती. प्लांटवरचाच फॉर्म मी मागच्या धोक्याच्या सूचना काढून थोडा बदलून घेतला. इराची मराठी गोष्टींची पुस्तकं कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि दारावर लाल टॅग अडकवला, 'परवानगीशिवाय उघडू नये'. किल्ली माझ्या खिशात, म्हणजे दिवसभर जुरोंग आयलंडवर.

मुग्धाने दोन दिवस हसून सहकार्य केलं. तिसऱ्या दिवशी तिला बहिणीला फोन करायचा होता, तर ती लिफ्टने खाली गेली आणि इमारतीच्या तळाशी व्हॉइड डेकवर बसून तासभर मराठीत बोलून आली. त्यात बहुतेक वेळ माझ्याबद्दलच बोलणं झालं असणार, कारण वर आल्यावर ती ताजीतवानी दिसत होती.

आठवड्याभरात तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, व्हिजिट पासवर आमच्याकडे आल्या. सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या. खास नातीला गोष्टी सांगायला म्हणून इतक्या लांब आलेल्या. त्यांना मी आल्याआल्या, चहाचा कप हातात देऊन, मराठीची परमिट पद्धत समजावून सांगितली. सासूला 'बोलू नका' असं सांगणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच जावई असेन. मुग्धा स्वयंपाकघरात निघून गेली. सासूबाईंनी मात्र शांतपणे सगळं ऐकून घेतलं, फॉर्म चष्मा लावून वाचला, मागची कोरी बाजूही पाहिली, आणि एकच प्रश्न विचारला.

"मंदारराव, अर्ज किती प्रतींत द्यायचा?"

मी हसलो. तिथेच चुकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बुटांवर पहिला अर्ज ठेवलेला होता. 'विषय: नातीस "बाळ, जेवून घे" असे म्हणण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की...' मी 'कारण अस्पष्ट' असा शेरा मारून परत केला. संध्याकाळी तो सुधारून आला, कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मूल उपाशी आहे'. मंजूर करावा लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक वही आणली आणि आवक-जावक नोंदवही सुरू केली. एक पिवळी फाईल आली, तिला पांढरी फीत आली. माझ्या प्रत्येक शेऱ्याला क्रमांक पडू लागला. पाचवा अर्ज कपाटाबद्दल होता, कारण कुलूप लावलेल्या त्या कपाटात त्यांनी आणलेला गोडा मसाला आणि मेतकूटही मीच ठेवून दिलं होतं. त्यासाठी मी त्यांना टाकीत उतरायचं परमिट दिलं, दुसरं काही हाताशी नव्हतं. त्यात आतल्या हवेची तपासणी लिहावी लागते. सासूबाईंनी लिहिलं, 'प्राणवायू पुरेसा. डांबरगोळ्यांचा वास. प्रवेश करणारी व्यक्ती: केवळ उजवा हात.'

इकडे माझं फ्रेंच फोनवरच्या ॲपच्या कृपेने जोरात चाललं होतं. तीन आठवड्यांत मला 'हत्ती सफरचंद खातो' हे वाक्य कोणत्याही वेळी, न अडखळता म्हणता येऊ लागलं. अडचण एवढीच, की जेवताना हत्तीचा विषय निघत नसे. आमटी हवी असेल तर आम्ही आमटीकडे बोट दाखवायचो. ताटावर चौघं बसलेलो आणि वाटीला चमचा लागला तरी दचकायला व्हायचं. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा गोह एकदा ते ॲप बघत म्हणाला, "You go home talk French ah?"

"Yes."

"You know French meh?"

"No."

मग त्याने खिडकीकडे तोंड केलं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

साधारण तेव्हाच सासूबाईंचा चौदावा अर्ज आला. हा भलता जाडजूड होता. सकाळी सहा वाजून पाच मिनिटं झालेली, मी बूट घालतोय, बस चुकायची वेळ आलेली, आणि सासूबाई दारात पेन उघडून उभ्या. जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारलेली होती तिथे मी सही केली. पाच सह्या होत्या. विषय काय आहे ते पाहिलं नाही.

त्यानंतर अर्ज यायचे बंद झाले. मला वाटलं, पद्धत अंगवळणी पडली.

आणि इरा बोलायची थांबली.

म्हणजे आधीच ती कमी बोलायला लागली होती, पण आता पूर्णच. मी संध्याकाळी दार उघडायचो आणि ती कोचावर बसून नुसती माझ्याकडे बघायची. आज काही फुटलं का, असं कोणी विचारायचंच नाही. काही विचारलं तर अंगठा वर किंवा अंगठा खाली. पहिले काही दिवस मी स्वतःची समजूत घातली, पत्रात लिहिलंच होतं, 'सुरुवातीला मूल गप्प राहण्याची शक्यता आहे'. पण शाळेची सुरुवात तर अजून व्हायची होती! मी इकडून तिकडे येरझाऱ्या घालू लागलो. हॉलमधून बेडरूम, बेडरूममधून हॉल. ती दिवसभर तरी बोलते का, असं सासूबाईंना इंग्रजीत विचारलं, तर त्या काही न बोलता पिवळ्या फाईलकडे बोट दाखवायच्या. फाईल वाचायला मला वेळ नव्हता, मी फ्रेंच शिकत होतो. एकदा मुग्धाने मला चक्क मराठीत सांगायला सुरुवात केली, "अरे, आईने त्या अर्जात काय लिहिलंय ते एकदा..." मी तिला थांबवून विचारलं, परमिट आहे का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सेफ्टी हेल्मेट शोधायला लागलो. त्यानंतर तीही बोलायची थांबली.

खरं सांगतो, मी घाबरलो होतो. एका बदलीच्या नुसत्या गप्पेपायी मी पोरीचं तोंड बंद करून टाकलं, असं मला बसमध्ये रोज वाटायचं. आणि घरी आल्यावर या भीतीवर उपाय म्हणून मी काय करायचो? आणखी चार फ्रेंच शब्द टॅगवर लिहून आणखी चार वस्तूंना अडकवायचो. झाडूलासुद्धा टॅग लागला होता.

शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी बाईंनी प्रत्येक कुटुंबाला पंधरा मिनिटं भेटायला बोलावलं. आमची वेळ दुपारी चारची. मी अर्धी रजा टाकली. आम्ही चौघं बिशानहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघालो, मी वाटभर पाय हलवत बसलेलो, इरा गप्प, मुग्धा गप्प, आणि सासूबाई मांडीवर पिवळी फाईल घेऊन बसलेल्या. ती फाईल कशाला आणली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बाई मॉन्ट्रियलच्याच होत्या, केस पांढरे, चेहरा हसरा. त्यांना बघताच मी हत्तीचं वाक्य म्हटलं. त्या क्षणभर दाराकडे बघत राहिल्या, हत्ती आत येतोय की काय अशा नजरेने. मग त्या इरासमोर छोट्या खुर्चीवर बसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, तू घरी जसं बोलतेस तसं मला काहीतरी सांग, तुझ्या भाषेत, कळलं नाही तरी मी ऐकेन.

इरा गप्प. बाई थांबल्या. घड्याळाचा काटा टकटक करत होता. आता बाई म्हणणार, ही मुलगी बोलतच नाही, हिला काय झालंय? इराने बाईंकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, परमिट आहे का?"

तीन आठवड्यांनी माझी मुलगी माझ्याशी बोलली होती आणि बोलली ती हे.

ती काय म्हणाली, असं बाईंनी विचारलं. मुग्धाने कसलीही दयामाया न दाखवता त्याचं इंग्रजी करून सांगितलं. त्यानंतर मी जे स्पष्टीकरण द्यायला लागलो त्यात टाकी, वेल्डिंग आणि ठाम निर्णय हे सगळं आलं, पण बाईंचा चेहरा काही हलला नाही. त्या उठल्या, कपाटातून आमच्या नावाचं पत्र काढलं, माझ्यासमोर ठेवलं. माझी सही होती. सहीच्या वर बारीक अक्षरात एक ओळ होती, 'मी हे पत्र दोन्ही बाजूंनी वाचले आहे.'

"Turn over, please," बाई म्हणाल्या.

चौदा वर्षं! मी पान उलटलं. मागे ठळक अक्षरात लिहिलं होतं, की सर्वात चांगली तयारी म्हणजे घरात आपली भाषा बोलणं. भरपूर बोला, गोष्टी सांगा, आजी-आजोबा असतील तर त्यांना बोलू द्या. ज्या मुलाला आपली भाषा नीट येते, ते दुसरी लवकर शिकतं. आणि सगळ्यात खाली होतं, कृपया घरी फ्रेंच शिकवू नका. हे पान सहा आठवडे माझ्याच फ्रिजला तोंड लावून उभं होतं.

मी काही बोलायच्या आत फीत सुटल्याचा आवाज आला. सासूबाईंनी फाईल उघडून चष्मा लावला होता.

"अर्ज क्रमांक चौदा," त्या म्हणाल्या. "नातीशी दिवसभर मराठीत बोलण्याबाबत. सोमवार ते शुक्रवार, सकाळी सात ते सायंकाळी सहा. सोबत जोडलंय, शाळेच्या पत्राच्या मागल्या पानाची नक्कल. मंजूर. खाली तुमची सही आहे, मंदारराव. पाच ठिकाणी आहे."

"आई, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"फ्रिज पुसताना कागद काढला होता. कचेरीत आम्ही कोणताही कागद आधी मागून वाचतो, शेरा तिथेच असतो." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सव्वाचार झालेत. परमिट चालू आहे. बोल गं इरा."

आणि इरा बोलली. धरण फुटावं तशी बोलली. आजीच्या कचेरीच्या आवारात शिरलेल्या एका बकरीने एका माणसाच्या अर्जाचं अर्धं पान कसं खाल्लं, साहेब म्हणाले अर्ज अपुरा आहे, माणूस म्हणाला उरलेला बकरीत आहे, मग साहेबांनी बकरीला हजर करायचा हुकूम कसा काढला, आणि बकरीने तो हुकूमही कसा खाल्ला. ती उठून बकरी झाली, साहेब झाली, शिपाई झाली. "मग सगळे म्हणाले, जाऊ दे ला!" असं म्हणून तिने गोष्ट संपवली. बाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण त्या डोळे पुसत हसत होत्या. त्यांनी मुग्धाला सांगितलं, हिची मला काळजी वाटत नाही. काळजी कोणाची वाटते, ते त्यांनी सांगितलं नाही, पण बघत त्या माझ्याकडेच होत्या.

मला इतकं बरं वाटलं, की मी रुमाल काढला. आणि तेवढीच लाज वाटली, कारण आता हिशेब डोक्यात शिरत होता. माझी मुलगी तीन आठवडे रोज सकाळी सातपासून अखंड बडबड करत होती. मुकीबिकी काही झाली नव्हती. ती फक्त मी घरी आलो की गप्प बसायची.

परतताना गाडीत तिची बडबड चालूच होती. बिशानला उतरून घराकडे चालायला लागलो आणि ती वाक्याच्या मध्येच थांबली. सहा वाजले होते.

"अगं, बोल ना," मी म्हणालो. "आता नियम रद्द!"

तिने आजीकडे पाहिलं. सासूबाई अत्यंत अदबीने म्हणाल्या, "मुदत संपली, मंदारराव. संध्याकाळ मी अर्जात घातली नव्हती. संध्याकाळी तुम्ही स्वतः घरात असता, तेव्हा ते तुमचं तुम्ही मागायचं."

घरी आल्यावर मी निमूटपणे एक फॉर्म घेतला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून भरला. विषय: मुलीशी मराठीत बोलण्याबाबत. कालावधी: कायमचा. कारणाच्या रकान्याशी मी बराच वेळ अडलो. 'ती फार गप्पिष्ट आहे' असं लिहिलं, खोडलं, आणि मग सरळ लिहिलं, 'मला करमत नाही'. फॉर्म इराकडे दिला. सासूबाईंनी तिला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. इराने जांभळा खडू उचलला, आणि मी हुश्श केलं.

पण सही करायच्या आधी तिने पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. ती कोरी बाजू तिने वरपासून खालपर्यंत नीट बघितली, मग पान परत सरळ केलं, सही केली आणि म्हणाली, "बाबा, आज काही फुटलं का?"

चौदा वर्षं जुरोंग आयलंडवर घसा कोरडा करून मला न सांगता पान उलटणारा एकही माणूस तयार करता आला नाही. सासूबाईंनी व्हिजिट पासवर येऊन एक तयार केला.